सोपं आहे, पण कळत नाही

पत्र

जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. मुलगी-जावई चार वर्षं नैरोबीत आहेत, मीही दोनदा तिकडे राहून आले. चौथी ते सातवीच्या मुलांसाठी केनियावर अठ्ठेचाळीस पानांचं पुस्तक लिहिलंय. वाक्यं छोटी, शब्द सोपे, जोडाक्षरंसुद्धा जमेल तिथे टाळली. पाचवीतल्या नातवाला वाचायला दिलं, तर नवव्या पानावर त्याने ते पालथं घातलं आणि विचारलं, ‘आजी, केनिया आफ्रिकेत आहे की आफ्रिकेलाच केनिया म्हणतात? तिथे गरम असतं, तर जुलैत व्हिडिओ कॉलवर ताईने स्वेटर का घातला होता? आणि सगळे लोक मसाई, सगळे गुरं राखतात, मग मटाटू कोण चालवतं?’ (मटाटू म्हणजे तिथली मिनीबस.) एका प्रकाशकांना दाखवलं, ते म्हणाले, भाषा अजून सोपी करा. अजून किती सोपी करू? तिथली गरिबी मुलांना दाखवावी का, तेही सांगा. सोबत दोन पानं, अनुक्रमणिका आणि सुचवलेले फोटो जोडले आहेत.

ता. क. तिथे सकाळी सात वाजले की बायका ‘एक वाजला’ म्हणतात. मुलांचा गोंधळ होईल म्हणून ते पुस्तकात घेतलं नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, संगमनेर

उत्तर

बाई, नमस्कार.

आधी नातवाला माझी शाबासकी सांगा. ज्याला पुस्तक कळत नाही तो मुलगा ‘बोअर आहे’ म्हणतो आणि खेळायला पळतो. तुमच्या नातवाला शब्दन् शब्द कळलाय, म्हणून तर तीन जागी पुस्तक स्वतःचंच बोलणं खोडून काढतंय हे त्याच्या लक्षात आलं. भाषा आणखी सोपी करू नका. केलीत तर तेच तीन प्रश्न तो जरा लवकर विचारेल, एवढाच फरक पडेल.

तुम्ही पाठवलेल्या पानावरचा हा परिच्छेद बघा: ‘केनिया हा आफ्रिका खंडातील एक सुंदर देश आहे. येथील हवामान उष्ण आहे. येथील लोक मसाई असून ते गुरे पाळतात व लाल वस्त्रे वापरतात. येथे सिंह, हत्ती, जिराफ आढळतात. राजधानी नैरोबी येथे उंच इमारती आहेत.’

एकही शब्द अवघड नाही. आता वह्या तपासायची लाल पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ‘येथे’ला, ‘येथील’ला गोल करा. शेजारी लिहा: म्हणजे नेमकं कुठे? पहिलं ‘येथील’ मोंबासाचं, समुद्रकाठचं, कोकणासारखं घामट. दुसरं टांझानियाच्या सीमेकडच्या गवताळ माळांचं. तिसरं अभयारण्यांचं, चौथं शहराचं. चार गावांची चार जनावरं तुम्ही एका दावणीला बांधलीत. मोठा माणूस हे वाचताना डोक्यातल्या डोक्यात ती सोडवून आपापल्या गोठ्यात नेतो, कारण देश म्हणजे केवढं प्रकरण असतं ते त्याला ठाऊक आहे. दहा वर्षांच्या मुलाकडे तेवढे गोठेच नसतात. त्याला दिसतं ते एकच गाव: उन्हात लाल कपडे घातलेली माणसं, गुरं, मागे सिंह आणि सिंहाच्या मागे उंच इमारती. आणि मग त्या गावात ताई स्वेटर घालून उभी राहते.

म्हणून स्वेटरपासूनच सुरुवात करू. ‘हवामान उष्ण आहे’ हे वाक्य काढून तिथे असं काही लिहून बघा:

‘नैरोबी विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे. नकाशात पाहिलं तर वाटेल, इथली माणसं भाजून निघत असतील. पण नैरोबी उंचावर आहे. आपल्या कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर उंच. साधारण तेवढ्या उंचीवर हे अख्खं शहर पसरलंय, काही भाग तर त्याहूनही वर. उंचावर हवा गार असते. जुलै हा तिथला थंडीचा महिना. आभाळ भरलेलं असतं आणि सकाळी शाळेत जाणारी मुलं स्वेटर घालतात. त्याच दिवशी खाली मोंबासाला, समुद्रकाठी, लोक पंखा लावून झोपतात.’

एका वाक्याची नऊ झाली, हे मलाही दिसतंय. पण या नऊ वाक्यांतून मुलाला एक गोष्ट कायमची मिळाली. विषुववृत्त म्हणजे उष्ण हे पाठ केलेलं त्याने उंचीशी ताडून पाहिलं. पुढे कधी माउंट केनिया ५,१९९ मीटर उंच आहे आणि विषुववृत्ताला खेटून असूनही त्याच्या माथ्यावर बर्फ आहे असं वाचलं, तर तो गोंधळणार नाही. ‘असणारच’ म्हणेल.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, स्वतः आपटी खाल्लीय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी मुलांच्या एका मासिकासाठी नेदरलँड्सवर दोन पानं लिहिली. त्यात ऐटीत लिहिलं, ‘हा देश समुद्रसपाटीच्या खाली आहे.’ मुलांनी चित्रं काढून पाठवायची होती. एका मुलीने काढलेल्या चित्रात घरं, सायकली, ट्यूलिपची फुलं, आणि वर निळं पाणी. मासे कौलांवरून चाललेत. संपादक खोखो हसले. मला हसू येईना, कारण चित्र माझ्या वाक्याप्रमाणे अगदी बरोबर होतं. मी ‘सगळा देश’ म्हटलं होतं, खरं तर चौथा हिस्सा जमीन सपाटीखाली आहे. आणि मुख्य म्हणजे, पाणी आत का येत नाही हे सांगायचंच राहिलं होतं. बांध घालायचे, आतलं पाणी सतत उपसून बाहेर टाकायचं, पवनचक्क्या मूळच्या त्या उपशासाठी. आज पंप तेच करतात. ॲम्स्टरडॅमचं स्किपोल विमानतळ ज्या जागेवर आहे तिथे पूर्वी तळं होतं आणि ते १८५२ मध्ये उपसून कोरडं केलं, एवढं एक वाक्य टाकलं असतं तरी मासे कौलावर चढले नसते. पवनचक्क्या माझ्याही लेखात होत्या. फक्त त्या ‘प्रेक्षणीय स्थळे’ या मथळ्याखाली होत्या.

या मथळ्यांबद्दल जरा बोलायला हवं, कारण तुमची अनुक्रमणिका पाहून मला आपलं जुनं भूगोलाचं पुस्तक आठवलं. स्थान व विस्तार, हवामान, लोकजीवन, आहार, वाहतूक, इतिहास. शिकवताना ही विभागणी सोयीची, परीक्षेला तर फारच. पण तिने कारणं एकीकडे आणि परिणाम दुसरीकडे पडतात. तुमच्या यादीत ‘वाहतूक’मध्ये मोंबासाची रेल्वे आहे, ‘आहार’मध्ये चपाती आहे आणि ‘लोकजीवन’मध्ये भारतीय दुकानदार आहेत. तिन्ही मिळून एकच गोष्ट आहे, बाई! १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकली. त्यासाठी तीस हजारांहून जास्त मजूर हिंदुस्थानातून नेले, त्यांतले बरेचसे पंजाबातले. नैरोबी हे गाव मुळात १८९९ मध्ये त्या रेल्वेच्या तळापासून सुरू झालं. नाव मसाई भाषेतलं, गार पाण्याच्या जागेचं. काही मजूर तिथेच राहिले, मागोमाग गुजराती व्यापारी गेले, दुकानं निघाली. आज केनियात घरोघरी सणासुदीला चपाती लाटली जाते आणि तिला चपातीच म्हणतात. २०१७ मध्ये तर तिथल्या सरकारने आशियाई वंशाच्या लोकांना देशातला चव्वेचाळिसावा समाज म्हणून मान्यता दिली. हे सलग सांगितलंत तर मूल एका दमात वाचेल. पान १४, पान २२ आणि पान ३१ वर वाटून दिलंत, तर चपाती तिथे कशी पोचली हे कोडं त्याच्या डोक्यात तसंच राहील.

स्वाहिलीतले, म्हणजे तिथल्या बाजारात चालणाऱ्या भाषेतले, शब्द इथेच टाका. दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, चाय म्हणजे चहा, साबुनी म्हणजे साबण, किताबू म्हणजे पुस्तक, रांगी म्हणजे रंग. काही आपल्याकडून गेले, काही अरबी-फारसीतून त्यांच्याकडेही आले आणि आपल्याकडेही. मुलांना अशा यादीत खजिना सापडल्यासारखं वाटतं.

आता नातवाचा तिसरा प्रश्न, मसाईंचा. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ‘येथील लोक मसाई असून’ हे वाक्य सरळ चूक आहे, आणि तुम्ही दोनदा तिथे राहून आलात म्हणजे ते चूक आहे हे तुम्हालाही माहीत आहे. मग ते आलं कुठून? चित्रांतून. केनिया म्हटलं की लाल शाल, भाला, मणी. कॅलेंडरवर तेच, विमान कंपनीच्या मासिकात तेच. २०१९ च्या जनगणनेत केनियाची लोकसंख्या ४ कोटी ७५ लाख होती आणि त्यांत मसाई सुमारे १२ लाख. टक्केवारी लिहू नका, पाचवीच्या मुलाला अडीच टक्के म्हणजे काहीच दिसत नाही. त्याला त्याचा वर्ग द्या. चाळीस मुलांचा केनियाचा एक वर्ग धरा: त्यात सातएक मुलं किकुयु, पाच-सहा लुह्या, पाच कलेंजिन, चार लुओ, चार कांबा, दोन किसी, दोन सोमाली, बाकी इतर समाजांची, आणि मसाई मूल एक. तेही बहुधा गणवेशातच असणार. हा वर्ग फळ्यावर काढून दाखवावा तसा एका पानभर काढा. मटाटू कोण चालवतं, याचं उत्तर मुलाला स्वतःच मिळेल.

आणि ‘टोळी’ हा शब्द काढा. तुम्ही लिहिलंय, ‘केनियात चाळीसहून अधिक टोळ्या आहेत.’ मराठी मुलाच्या कानाला टोळी म्हणजे दरोडेखोरांची, नाहीतर टोळधाड. किकुयु ऐंशी लाखांवर आहेत. त्यांच्यात डॉक्टर, रिक्षावाले, बँकेतले कारकून, राष्ट्राध्यक्ष सगळे झाले. ऐंशी लाखांची टोळी नसते. ‘समाज’ म्हणा. घरी प्रत्येकाची आपली भाषा, बाजारात स्वाहिली, शाळेत इंग्रजी, हे एका ओळीत सांगितलंत की पुरे. आपल्याकडे घरात अहिराणी बोलून शाळेत पुस्तकी मराठी आणि वर इंग्रजी शिकणारं मूल ते चटकन ओळखेल.

आफ्रिका आणि केनिया यांचा घोटाळा मात्र एका चित्राने सुटतो, त्यावर शब्द खर्च करू नका. आफ्रिकेचा नकाशा, आत ५४ देशांच्या रेषा, केनिया रंगवलेला, आणि कोपऱ्यात त्याच मापाने काढलेला भारत. ‘त्याच मापाने’ हे चित्रकाराला तीनदा सांगा. आफ्रिकेत भारत नऊ वेळा मावतो आणि भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ते दिसत नाही. पुस्तकभर कुठेही ‘आफ्रिकेत लोक असं खातात, असं नाचतात’ हे वाक्य येऊ देऊ नका. दुसऱ्या पानावर तुमच्याकडून ते दोनदा आलंय.

क्षेत्रफळाचंही तसंच. ५,८०,३६७ चौरस किलोमीटर हा आकडा छापून काही होत नाही. महाराष्ट्र ३,०७,७१३. म्हणजे जागा महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, आणि माणसं निम्म्याहून कितीतरी कमी. २०११ मध्येच आपण ११ कोटींच्या पुढे होतो. असं शेजारी शेजारी ठेवलं की मूल विचारतं, मग एवढी जागा रिकामी का? तिथून तुम्हाला केनियाच्या उत्तरेला जाता येतं, तुर्काना सरोवराकडे, जिथे पाऊस फार थोडा आणि लोक उंट-शेळ्या घेऊन फिरतात. आकड्याने प्रश्न काढला तर तो ठेवा. नुसता बसून राहणार असेल तर शेवटच्या चौकटीत टाका, ध्वज, चलन आणि राष्ट्रगीत यांच्या सोबतीला.

आपल्याकडच्या गोष्टींशी तुलना करावी का, असं तुम्ही पानाच्या समासात पेन्सिलीने विचारलंय. जरूर करा, पण तुलना जिथे संपते ती जागाही दाखवा. तुम्ही लिहिलंय, ‘उगाली ही त्यांची भाकरी होय.’ मुलाच्या डोळ्यांपुढे तवा आला, पोपडा आला, पालथी घातलेली भाकरी आली. आणि चित्रात दिसतो पांढरा गोळा! उगाली भाकरीपेक्षा उकडीच्या जवळची. उकळत्या पाण्यात मक्याचं पांढरं पीठ टाकायचं आणि लाकडी उलथन्याने घोटत राहायचं, इतकं घट्ट होईपर्यंत की ताटात उपडं केलं तरी आकार मोडत नाही. मग हाताने एक घास तोडायचा, वळायचा, अंगठ्याने मध्ये खळगा करायचा आणि त्या खळग्यात भाजी उचलायची. भाजी बहुतेकदा सुकुमा विकी, एक पालेभाजी. नावाचा अर्थ ‘आठवडा ढकला’, म्हणजे पगार होईपर्यंत हिच्यावर भागवा. भाकरीशी नातं एवढंच की रोजच्या जेवणात तिचीही जागा तीच: ती नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. हे दोन्ही सांगा, साम्य कशात आणि फरक कशात. अंगठ्याचा तो खळगा तर चित्रासहित दाखवा, मुलं घरी कणकेच्या गोळ्यावर करून बघतील.

मटाटूची तुलना मात्र चांगली जमेल आणि ती तुम्ही केलीच नाहीत. शहरातली ‘मिनीबस’ लिहून मोकळ्या झालात. संगमनेरच्या मुलाला काळीपिवळी माहीत आहे, सातारा-सांगलीकडच्याला वडाप. भरल्याशिवाय सुटत नाही, दारात लटकणारा पोऱ्या गावांची नावं ओरडतो, ‘अजून एक बसेल’ म्हणत चौघांच्या बाकावर पाच बसवतो. नैरोबीत बऱ्याच मटाटू भडक रंगवलेल्या असतात, गायकांचे आणि फुटबॉलपटूंचे चेहरे काढलेले, आत गाणी दणाणत असतात. ‘ताटू’ म्हणजे तीन. पूर्वी भाडं तीन नाणी असायचं म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. तुम्ही दोनदा राहून आलात, मटाटूत बसलाच असाल. कुठून कुठे गेलात, शेजारी कोण होतं, कोणतं गाणं चालू होतं? ते लिहा. पाठवलेल्या पानांत तुम्ही स्वतः कुठेच नाही, हे मला फार खटकलं.

‘आहे’ या क्रियापदाकडेही जरा संशयाने बघा. दुसऱ्या पानावर लिहिलंय, ‘केनियात आठ प्रांत आहेत.’ होते. २०१० मध्ये नवी राज्यघटना आली आणि २०१३ पासून तिथे ४७ काउंटी आहेत, प्रत्येकीचा निवडून आलेला गव्हर्नर. तुमच्याकडचा नकाशासंग्रह जुना असणार. मुलाला प्रांताशी काही देणंघेणं नाही हे खरं, पण पुस्तक शाळेच्या कपाटात पंधरा वर्षं राहतं. तेव्हा बदलणाऱ्या गोष्टीला साल लावा: ‘२०१९ मध्ये मोजले तेव्हा’, ‘मी गेले त्या वर्षी’. साल नसलेली माहिती उघड्या बरणीतल्या लोणच्यासारखी, कधी नासली ते वरून कळत नाही. तुर्कस्तानने २०२२ मध्ये जगाला स्वतःचं नाव तुर्किये असं वापरायला सांगितलं. कझाकस्तानच्या राजधानीचं नाव २०१९ मध्ये अस्तानाचं नूर-सुलतान झालं आणि २०२२ मध्ये परत अस्ताना. त्या तीन वर्षांत छापलेली पुस्तकं आता मुलांना कोड्यात टाकत बसली असतील.

नावांबद्दल एवढंच, की एकच लेखन ठरवा. दोन पानांत केनिया, केन्या आणि एकदा केनया आलंय, मसाई आणि मासाई दोन्ही आहेत. मुलाला ती वेगवेगळी माणसं वाटतात.

चित्रांकडे वळू. तुम्ही मुखपृष्ठासाठी सुचवलेला फोटो, हत्तींचा कळप आणि मागे बर्फाचा डोंगर, फार देखणा आहे. पण तो डोंगर किलिमांजारो आणि तो टांझानियात आहे. हत्ती केनियात, अंबोसेलीच्या उद्यानात, डोंगर सीमेपलीकडे. आत तुम्ही लिहिता की केनियातला सर्वांत उंच पर्वत माउंट केनिया, देशाचं नावही त्याच्यावरून पडलं. बाहेर ५,८९५ मीटरचा शेजाऱ्याचा डोंगर! मूल दोन्ही एकच समजणार. फोटो ठेवा, पण आतल्या पानावर, आणि खाली स्पष्ट लिहा: ‘हत्ती केनियात उभे आहेत. मागचा डोंगर शेजारच्या टांझानियातला आहे.’ मुलांना हे फार आवडतं. आपण एका देशात उभं राहून दुसऱ्या देशातला डोंगर बघतोय, ही कल्पनाच केवढी आहे.

जिराफामागे इमारती दिसणारा फोटोही तसाच. ओळ न घालता छापलात तर नैरोबीत जिराफ रस्त्याने हिंडतात असं वाटेल. नैरोबी राष्ट्रीय उद्यान १९४६ पासून शहराला लागून आहे, सुमारे ११७ चौरस किलोमीटर, शहराच्या बाजूंना कुंपण. आमच्या मुंबईत बोरिवलीचं उद्यान साधारण तेवढंच, आणि तिथे बिबटे आहेत. मुंबईची मुलं काही रोज बिबट्याशेजारी बसून डबा खात नाहीत. ही तुलना मुलांना सांगितली की जिराफ आपल्या जागी जातो.

आता तुमचा ताजा कलम, जो मी तीनदा वाचला. सकाळी सात वाजता ‘एक वाजला’ म्हणतात, आणि तुम्ही ते गाळलंत! विचित्र गोष्टीने मुलाचा गोंधळ होत नाही, बाई. कारण न सांगता सोडलेल्या गोष्टीने होतो. नैरोबीत वर्षभर सूर्य साडेसहाच्या आगेमागे उगवतो. आपल्याकडे जूनमध्ये सहाच्या आत उजाडतं आणि जानेवारीत सात वाजतात, तसं तिथे नाही. विषुववृत्त जवळ असल्याने दिवस-रात्र कायम सारखे. मग ढोबळमानाने सहाला उजाडलं असं धरून तिथून तास मोजायला काय हरकत? पहिला तास झाला की ‘साआ मोजा’, म्हणजे एक वाजला, दुसरा तास झाला की साआ म्बिली. भर दुपारी बारा वाजता साआ सिता, म्हणजे सहा. घड्याळ तेच, काटे तिथेच, म्हणायची रीत वेगळी. स्वाहिलीत मोजा म्हणजे एक, आणि मराठीत मोजा म्हणजे मोजाच. हे एकदा सांगितलं की कोणतंही मूल ते जन्मात विसरायचं नाही. शिवाय तुम्ही आजी आहात. पंचांगातल्या घटका सूर्योदयापासूनच धरतात, दिवसाच्या साठ, एकेक चोवीस मिनिटांची, हे तुम्ही नातवाला सांगू शकता. मग केनियातली बाई त्याला उलटी वाटणार नाही. आपलीच जुनी रीत वापरणारी वाटेल. मी तुमच्या जागी असतो तर पुस्तकाचं पहिलं पानच हे केलं असतं: ‘सकाळचे सात वाजलेत. शेजारच्या काकू म्हणतात, एक वाजला. मी घड्याळ बघते.’

राहिली गरिबी. दाखवा, लपवलेलं मुलांना कळतं. पण एखादी वस्ती दाखवाल तर तिथला दिवस दाखवा: पाणी कुठून आणतात, किती पैशांना कॅन, शाळा किती वाजता, न्हाव्याचं दुकान कुठे, मोबाइलवरून पैसे कसे पाठवतात. तिथे २००७ पासून एम-पेसा आहे, आपल्याकडे यूपीआय यायच्या नऊ वर्षं आधी. आणि ऐकीव आकडे टाळा. नैरोबीतल्या किबेरा वस्तीबद्दल ‘दहा लाख लोक’ हे वर्षानुवर्षं छापलं गेलं. २००९ च्या जनगणनेत मोजले तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भरले. मोठा आकडा ऐकून वाचणाऱ्याला भरून येतं, म्हणून तो पुढे पुढे चालत राहतो. ‘बिचारे’ हा शब्द दुसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीत आहे, तो खोडा. त्याच वस्तीतून रोज सकाळी इस्त्रीचा गणवेश घालून मुलं बाहेर पडतात. ती पुस्तकात आली की बिचारे लिहायला हात धजणार नाही.

पुढचा खर्डा झाला की प्रकाशकांकडे नेण्याआधी एक करा. नातवाला वाचायला द्या, पुस्तक काढून घ्या, आणि नैरोबीतली एक सकाळ काढायला सांगा. प्रश्न विचारू नका. प्रश्न विचारले की तो पाठ केलेलं सांगेल. चित्रात सिंह शाळेच्या फाटकात आला तर कुठलं वाक्य सैल राहिलं ते तुम्हाला लगेच दिसेल. पाच-सहा मुलांकडून काढून घेतलीत तर उत्तम, तुम्हाला शाळेत अजून कोण नाही म्हणणार आहे?

आणि स्वेटरचं उत्तर त्याला आजच द्या, पुस्तक छापून होईपर्यंत ताटकळत ठेवू नका. त्यापेक्षा ताईलाच फोन लावू दे. सकाळी लावला तर किती वाजले ते तिच्याकडून स्वाहिलीत वदवून घ्यायला सांगा.